धरणाचे पाणी, परदेशी पाखरे आणि काठावरचे शेतकरी

भाताच्या मळण्या आटोपतात, रिकाम्या वाफ्यांत मसूर-वाटाणा पेरला जातो, आणि त्याच सुमाराला आपल्या भागातील धरणांवर व तळ्यांवर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. आम्हां पिरनवाडीकरांना धरण म्हटले की प्रथम राकसकोप आठवते. मार्कंडेय नदीवरच्या या धरणाचे पाणी बेळगाव शहर पिते. त्यापलीकडे हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवरचे हिडकल, आणि आणखी खाली गोकाक तालुक्यात धुपदाळ. धुपदाळचा बंधारा तर फार जुना, 1897 सालचा. बेळगाव-मिरज रेल्वेने जाताना घटप्रभा स्टेशन लागते, त्याच्या जवळच हा जलाशय पसरलेला आहे. 1974 पासून तो पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून राखीव असून त्याचे क्षेत्र सुमारे 30 चौरस किलोमीटर आहे. थंडीत येथे कांड्या करकोचे येतात, युरोपातून पांढरे करकोचे येतात. गाडीत बसून हजारदा त्या वाटेने गेलेल्या आपल्यापैकी किती जणांनी खाली उतरून ती पाखरे पाहिली असतील, हा प्रश्नच आहे.

या पानावर आम्ही खते, बियाणे, जनावरांचे रोग, बाळंतिणीचा आहार असे विषय घेतो. मग पाखरांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. धरणाच्या काठी ज्यांची जमीन आहे, ज्यांची गुरे त्या पाण्यावर जातात, ज्यांचे जाळे त्या पाण्यात पडते, त्यांच्या हाती त्या पाखरांचे जगणे-मरणे आहे. वनखात्याचा एखादा रक्षक मोटारसायकलवरून आठवड्यातून एक-दोनदा फेरी मारणार. काठावरचा माणूस तेथे दिवस-रात्र असतो. त्याने मनात आणले तर पाखरू जगेल. त्याने मनात आणले तर कोणाला कळणारही नाही.

आधी शेतकऱ्याच्या बाजूचे बोलू, कारण पक्षिमित्र मंडळी ते सहसा बोलत नाहीत. करकोच्यांचा थवा हरभऱ्यात किंवा काढणीला आलेल्या भुईमुगात उतरला तर नुकसान होते. राजहंसाच्या जातीतले पट्टकादंब, जे तिबेट-लडाख-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, तेही शेतांत चरतात. गदग जिल्ह्यातील शिरहट्टीकडे मागडी नावाचे तळे आहे, तेथे दर हिवाळ्यात हे कादंब येतात व आसपासच्या शिवारात पोट भरतात. हे तळे 2024 साली रामसर यादीत गेले. म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये त्याची गणना झाली. यादीत नाव गेले म्हणून शेतकऱ्याच्या पिकाचे दाणे परत येत नाहीत, हे खरेच आहे. दिवसभर शेतात राखण बसवायची म्हणजे मजुरी आली. कोणाच्या तरी डोक्यात मग विषाचे दाणे टाकण्याची कल्पना येते. त्या विषाबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, ते घरातील सर्वांना वाचून दाखवावे.

लोकांना बाजूला सारून प्राणी राखायला गेले की काय होते, याचे उदाहरण आपल्या मराठी मुलखातच घडलेले आहे. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य जाहीर झाले. त्याची हद्द आखली ती तब्बल 8,496 चौरस किलोमीटरची. त्यात माळराने होती तशी गावे, बाजारपेठा आणि हजारो शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीही आल्या. जमिनीच्या व्यवहाराला अडचण, काही उभारायचे तर परवानगीची अडचण. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोकाला दगड मारला नव्हता, त्याच्याही मनात त्या पक्ष्याविषयी अढी बसली. शेवटी 2012 च्या सुमारास ही हद्द कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणावी लागली. तोपर्यंत माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. तो नाहीसा होण्याला इतरही कारणे आहेत; माळराने नांगराखाली गेली, विजेच्या तारा आल्या. पण पक्ष्याचा शेजारीच त्याच्यावर रुष्ट झाला तर कागदावरची हद्द कितीही मोठी आखली तरी उपयोग नाही, असे आमचे मत झाले आहे.

त्याच भागातून भीमा वाहते आणि तिच्यावर उजनीचे धरण आहे. 1980 साली ते पुरे झाले. 117 टी.एम.सी. पाणी साठवणारे हे धरण. आपल्या हिडकलच्या दुपटीहून मोठे. भीमाकाठची उत्तम काळी जमीन पाण्याखाली गेली, गावे उठली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजूनही वर येते, ते पाहायला माणसे जातात. ज्यांची जमीन गेली त्यांतील पुष्कळांनी होडी व जाळे धरले. चिलापी हा मासा तेथे उदंड झाला. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी नदीवाटे याच धरणात येते, त्याची तक्रार तेथील लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत, आणि ती रास्त आहे.

धरण उतरू लागले की भिगवण, कुंभारगाव, डाळज या बाजूला गुडघाभर पाण्याचा चिखल उघडा पडतो. तेथे रोहित पक्षी उतरतात; शहरातले लोक त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. रोहिताची चोच मधेच वाकलेली असते. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले शेवाळ व बारीक किडे खातो. म्हणून त्याला खोल पाणी नको, उथळ चिखल पाहिजे. ज्या वर्षी पाऊस लांबतो व धरण तुडुंब राहते त्या वर्षी रोहित उशिरा येतात किंवा थोडे येतात. ही गोष्ट पुस्तकात वाचून समजते, पण केव्हा कोणत्या खाडीत चिखल उघडा पडणार हे रोज जाळे टाकणाऱ्या माणसालाच आधी कळते. तेथे जे घडले त्याचे मूळ यातच आहे. पाखरे पाहायला शहरातून माणसे येऊ लागली तेव्हा त्यांना वाट दाखवणारा कोण? होडी कोणाची? मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांतील तरुण त्यांना होडीतून नेऊ लागले. हळूहळू त्यांनी पाखरांची इंग्रजी नावेही पाठ केली. घरातील बायांनी पिठले-भाकरी आणि माशाचे कालवण करून घातले, मुक्कामाला खोल्या झाल्या. जी पाखरे पाण्यावरची एक फुकट वस्तू होती, ती आता दर हिवाळ्यात घरी चार पैसे आणणारी झाली. आपल्या होडीच्या भाड्यावर कोणी जाळे टाकून पाखरे धरू लागला तर होडीवाला गप्प कसा बसेल?

यातही दोष शिरलेच. फोटो काढणाऱ्यांना पाखरे उडतानाचा फोटो पाहिजे असतो. ते होडीवाल्याला आणखी जवळ ने म्हणतात, जादा पैसे देतात, आणि थवा उठतो. दिवसातून दहा वेळा थवा उठवला तर पाखराला खायला वेळ राहत नाही. हजारो मैल परत उडून जायचे तर अंगात चरबी साठली पाहिजे. ती साठत नाही. तेव्हा किती अंतरावर होडी थांबवायची हे होडीवाल्यांनी आपसांत ठरवून पाळावे लागते. एकाने मोडले की सगळे मोडतात. आपल्या बाजूला उद्या असे काही सुरू झाले तर हा नियम पहिल्याच दिवशी घालून घ्यावा.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे. त्यात गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढली. शेतकऱ्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे धरणाचे आयुष्य संपणे, पण पाखरांच्या दृष्टीने ती पंगत मांडून ठेवल्यासारखी झाली. 1986 साली ते अभयारण्य झाले आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. सभोवती ऊस, कांदा, द्राक्षे. चापडगावच्या बाजूने आत जाता येते, निरीक्षणाचे मनोरे आहेत, आणि पाहुण्यांबरोबर दुर्बीण घेऊन जाणारे वाटाडे बरेचसे त्या गावांतलेच तरुण आहेत. शेतीबरोबर हिवाळ्याचे चार महिने हा धंदा.

आता थोडे दूर जाऊ. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर विजेसाठी बांधलेले धरण आहे. काठच्या पांगती वगैरे गावांतील लोक लोथा नागा जमातीचे, बहुतेक सर्व बॅप्टिस्ट ख्रिस्ती. शेती, मासेमारी, शिकार यांवर त्यांचे पोट. धरणात त्यांच्याही जमिनी बुडाल्या. दर ऑक्टोबरात तेथे अमूर ससाणे उतरतात. कबुतराएवढा हा पक्षी. चीनचा उत्तर भाग, मंगोलिया, सैबेरिया इकडून निघतो आणि दक्षिण आफ्रिकेत हिवाळा काढतो. वाटेत दोयांगच्या काठी वाळवीचे पंखी किडे खाऊन तो अंग धरतो, मग दख्खन ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता उडत जातो.

2012 च्या हंगामात तेथे काय चालले होते हे बाहेरच्या जगाला कळले. मासे धरायची जाळी झाडांमध्ये उंच बांधून ससाणे पकडले जात होते. खाण्यासाठी आणि विकण्यासाठी. पत्रकार बानो हरालू व त्यांच्याबरोबरच्या निरीक्षकांनी हे चित्रित केले. त्यांच्या अंदाजाने दररोज 12,000 ते 14,000 पक्षी मारले जात होते, म्हणजे एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास. देशोदेशी ओरड झाली. अशा वेळी पोलीस घालून गाव दबवणे सोपे होते. तसे केले असते तर पुढच्या वर्षी जाळी आणखी आडरानात गेली असती. तेथे वेगळा मार्ग धरला गेला. गावपंचायतींशी बोलणी झाली. शिकार बंद करण्याचे ठराव गावांनी स्वतः केले. पाळकांनी चर्चमध्ये हा विषय काढला. मुलांसाठी वर्ग निघाले, आणि मुलांनी घरी जाऊन बापांना प्रश्न विचारले. 2013 च्या हंगामात जाळ्याने एकही ससाणा मारला गेला नाही. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रे बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली गेली. आपल्या गावाच्या नावाचे पाखरू आफ्रिकेला जाऊन परत येते, हे पांगतीच्या लोकांना पाहता आले.

एका वर्षात हे कसे साधले याचे आम्हाला नवल वाटते. एक कारण उघड आहे: गावाचा शब्द तेथे चालतो, आणि तो शब्द गावानेच दिला. पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. पाखरे विकून ज्यांना पैसे मिळत होते त्यांचे उत्पन्न त्या वर्षी बुडाले. पाहुण्यांसाठी खोल्या बांधून सर्वांचेच भरून निघते असे नाही. ज्याचे घर रस्त्याला आहे त्याला मिळते, डोंगरातल्याला मिळत नाही. त्याग ज्याने केला त्याच्यापर्यंत लाभ पोचतो की नाही हे पाहणे हे गावातील शहाण्या माणसांचे काम आहे, आणि चर्चचेही.

आपल्याच राज्यात मंड्या जिल्ह्यातील मद्दूर तालुक्यात कोक्करेबेळ्ळूर नावाचे गाव आहे. नावातच कोक्करे, म्हणजे करकोचे, आहेत. तेथे झोळीवाले पाणपक्षी, ज्यांना पेलिकन म्हणतात, आणि रंगीत करकोचे हे गावातल्या चिंचेवर, अंगणातल्या झाडांवर घरटी करतात. चिंच झोडपली तर घरटी पडतात, म्हणून झाडाच्या मालकाला वनखात्याकडून मोबदला देण्याची पद्धत पडली. खाली पडलेली विष्ठा गोळा करून लोक शेताला घालतात. पाखरांच्या विष्ठेत नत्र व स्फुरद भरपूर असते. 1994 पासून गावातील तरुणांचे ‘हेज्जार्ले बळग’ घरट्यातून पडलेल्या पिल्लांना सांभाळते. 2007 साली ते ‘समुदाय राखीव क्षेत्र’ झाले. वन्यजीव कायदा 1972 चा, पण त्यात ही तरतूद 2003 पासून लागू झाली. लोकांनी आपल्या खाजगी किंवा सामायिक जमिनीवर आपखुशीने रक्षण करायचे ठरवले तर तिला कायद्याचे पाठबळ मिळते व व्यवस्थापनाच्या समितीत गावकरी बसतात. जमीन सरकारी असेल, जशी धरणाची बहुधा असते, तर ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ करता येते, पण तेही काठच्या लोकांशी विचारविनिमय करून. अभयारण्य हा शब्द ऐकताच घाबरणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. मागडीचे तळे याच दुसऱ्या प्रकारात आहे.

आता विषाचे. पिकावर मारायच्या जहाल औषधात दाणे भिजवून ते तळ्याच्या काठी टाकणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय त्याने आपल्याच घरात मरण येऊ शकते. त्या दाण्याने मेलेले पाखरू कोणी उचलून बाजारात विकतो, कोणी घरी नेऊन शिजवतो. शिजवल्याने विष नक्की जाईल असे मुळीच समजू नये. कुत्री, कोंबड्या, शेळ्या ते दाणे खातात. अर्जेंटिनात 1995-96 च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारले. ते टोळ खाऊन अमेरिकेतून आलेले ससाणे मेले. मृतांचा अंदाज सुमारे 20,000 होता. गंमत अशी, की ते ससाणे टोळच खायला आले होते. आपल्याकडेही नांगरामागून चालणारे गायबगळे, हरभऱ्यात काठी रोवली की तिच्यावर बसून घाटेअळी टिपणारा कोतवाल, भातशेतातल्या गोगलगायी फोडणारा उघड्या चोचीचा करकोचा, हे सर्व आपले बिनपगारी गडी आहेत. विष त्यांनाही सोडत नाही.

अशा औषधाची बाधा झालेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास लागतो. त्याचे कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे, त्याला कुशीवर ठेवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर घेऊन ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावे. दूध, तूप पाजू नये. बेशुद्ध माणसाला उलटी करवू नये. मदत करणाऱ्याने आपले हातही जपावेत. फवारणीचा पंप धरणात किंवा ओढ्यात कधी धुऊ नये. राकसकोपच्या वरच्या अंगाला धुतलेला पंप खालच्या शहराच्या पेल्यापर्यंत पोचू शकतो.

मेलेली पाणपाखरे दिसली तर उघड्या हाताने उचलू नयेत. विष असू शकते, बर्ड फ्लू असू शकतो, आणि तिसराही एक रोग आहे. 2019 साली राजस्थानात सांभर सरोवरावर 18,000 हून अधिक पाखरे मेली, ती बॉट्युलिझम नावाच्या जंतुविषाने. मेलेल्या पाखरात अळ्या होतात, अळ्यांत ते विष साठते, त्या अळ्या दुसरे पाखरू खाते आणि मरते. म्हणून मढी लवकर उचलणे हाच तेथे मोठा उपाय होता, पण ते काम हातमोजे व तोंडाला फडके बांधून, पशुवैद्यकांच्या सांगण्याप्रमाणे करायचे असते. आपण पाहिले की जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात कळवावे, आणि मुलांना व कोंबड्यांना त्या काठापासून दूर ठेवावे.

पिकाची राखण करायची तर पहाटे आणि सायंकाळी, कारण पाखरे त्याच वेळी शेतात उतरतात. बुजगावणे तीन दिवसांनी हलवावे. एकाच जागी उभ्या बुजगावण्याला करकोचे ओळखतात. चमकत्या पट्ट्या, डबे, आरोळी यांनी थवा उठतो व पलीकडच्या माळावर जातो. चार शेतांच्या मालकांनी पाळीपाळीने राखण केली तर मजुरी वाचते. फाटलेले नायलॉनचे जाळे पाण्यात सोडून देऊ नये. त्यात पाणकावळे व पाणमांजरे अडकून मरतात.

दर वर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते. 1987 पासून ती चालू आहे आणि ती स्वयंसेवकच करतात. त्यासाठी पदवी लागत नाही. आपल्या तरुण मंडळाने व शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी आपल्या जवळचे एकेक तळे वाटून घ्यावे. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे, भडक कपडे घालू नयेत, कुत्रे बरोबर नेऊ नये. दुर्बीण नसली तर दहा-दहाचे गट मोजून थव्याचा अंदाज घ्यावा. नाव माहीत नसेल तर रंग, चोच व पाय कसे होते ते लिहावे, आणि गुराखी त्या पाखराला काय म्हणतात तेही लिहावे. वही, तारीख, वेळ, तळ्याचे नाव आणि पाणी किती उतरले आहे याची नोंद एवढे पुरे. एक प्रत वनखात्याच्या जवळच्या कचेरीत द्यावी व एक शाळेत ठेवावी, म्हणजे पुढच्या जानेवारीत ताडून पाहता येईल.